डोणज्याहून सायकल : गड चौथ्या रविवारी

कुठल्याही रविवारी सकाळी आठच्या सुमारास गोळेवाडीच्या नाक्यावरून सिंहगड घाटात शिरा. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर एक तरी नवी कोरी सायकल कडेच्या गवतात आडवी पडलेली दिसते आणि शेजारच्या दगडावर तिचा मालक. चेहरा लालबुंद, हेल्मेट मांडीवर, बाटली रिकामी. थांबून विचारलं, "नवीन घेतली वाटतं?" तर उत्तर ठरलेलं असतं, "मागच्याच आठवड्यात. म्हटलं, सिंहगड करून टाकू."

हे 'करून टाकू' मीही म्हटलं होतं. माझी सायकल तेव्हा अकरा दिवसांची होती. चढलो कसाबसा, तीन वेळा थांबून. उतरताना काय झालं ते पुढे येईलच. पण त्या दिवसापासून कोणी नवखा विचारायला आला की मी एकच सांगतो. डोणज्याला जा, गडाकडे पाठ करा आणि पानशेतच्या रस्त्याला लागा. गड चौथ्या रविवारी. चढ माणसाला फार तर दमवतो. दमलं की आपण थांबतो, झालं. पडतात ते उतारावर, आणि उतार कोणी शिकवत नाही. खालचा सगळा क्रम त्या हिशेबाने लावलेला आहे.

डोणजेच का?

पुण्याच्या चारही अंगांना सायकलवाले जातात. बोपदेव, दिवे घाट, मुळशी, लोणावळा, सगळीकडे. पण एकाच गावातून सपाट रस्ता, चढउताराचा रस्ता आणि खरा घाट असे तिन्ही मिळायचे तर मला तरी डोणज्यासारखं ठिकाण माहीत नाही. स्वारगेटपासून साधारण बावीस-तेवीस किलोमीटर. खडकवासल्याचं धरण ओलांडलं की पाण्याच्या कडेकडेने पाच-सहा किलोमीटरवर चौक येतो. डावीकडे गोळेवाडी आणि गड, सरळ गेलं की पानशेत. सायकल बिघडली तर पायथ्यापर्यंत ५० नंबरची पीएमपी येते. सायकल बसमध्ये घेत नाहीत, पण निदान तुम्ही तरी घरी पोचता.

शहरातून डोणज्यापर्यंत सायकलवर यायचं की नाही हा पहिला निर्णय. सिंहगड रस्त्याचा धायरी फाट्यापासून किरकटवाडीपर्यंतचा पट्टा सकाळी सहानंतर सायकलसाठी वाईट. दुधाच्या गाड्या, शाळेच्या बस, खडीचे डंपर आणि त्यातून वाट काढणारे दुचाकीवाले. पहिल्या दोन रविवारी मी तरी सायकल गाडीत टाकून डोणज्यापर्यंत आणायला सांगतो. पुढचं चाक काढलं की साध्या हॅचबॅकच्या मागच्या सीटवर सायकल बसते, वेगळा कॅरिअर लागत नाही. त्यात कमीपणा वाटत असेल तर पहाटे पाचला निघा आणि उजाडायच्या आत धरण गाठा. पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच. मागचा लुकलुकणारा चालेल. पुढचा मात्र स्थिर हवा, नाहीतर खड्डा दिसतो आणि पुढच्या क्षणी नाहीसा होतो.

आधी शनिवारची संध्याकाळ

रविवारची निम्मी फेरी शनिवारी घरातच होते.

हवा बघा. अंगठ्याने दाबून 'आहे की' म्हणण्याची आपली सवय शाळेच्या सायकलपासूनची आहे. रोड सायकलच्या टायरला ती चालत नाही. चाळीस पीएसआयलाही (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) टायर अंगठ्याला दगडासारखाच लागतो आणि ऐंशीलाही. काटा असलेला उभा पंप घ्या. अठ्ठावीस मिलिमीटरचा टायर आणि सत्तर किलोच्या आसपासचा माणूस असेल तर सत्तर ते ऐंशी पीएसआय पुरे. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त. शंभर-सव्वाशे भरून दगड करण्यात काही अर्थ नाही. पानशेत रस्त्याच्या ठिगळांवरून दात वाजतात आणि पकडही जाते.

सीटची उंची बघा. भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सगळ्यात खाली न्या. पाय तेव्हा सरळ व्हायला हवा. मग चवडा पॅडलवर आला की गुडघ्यात आपोआप हलका बाक राहतो. नव्या लोकांची सीट दहातल्या आठ वेळा खाली असते, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवे असतात. त्याने गुडघा पुढून दुखतो आणि माणूस वयाला दोष देतो.

मग ब्रेक. दोन्ही लिव्हर ओढा; हँडलला टेकत असतील तर आधी दुकान, मग डोणजे.

गिअरचा विषय चढाशी संबंधित आहे, पण सायकल घेतानाच विचारायचा आहे म्हणून इथेच सांगतो. दुकानदाराला फ्रेमचा रंग विचारण्याआधी विचारा, मागच्या कॅसेटमधलं, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या जुडग्यातलं, सगळ्यात मोठं चक्र किती दात्यांचं? बत्तीस किंवा चौतीस म्हणाला आणि पुढचं लहान चक्र चौतीसचं असेल तर सिंहगडापुरती काळजी मिटली. पंचवीस-अठ्ठावीस म्हणाला तर ती सायकल तुमच्यापेक्षा दहा वर्षं जास्त सराव असलेल्यासाठी आहे. देखणी असेल, पण घाटात रडवेल.

सोबत दोन ट्यूब, दोन प्लॅस्टिकचे टायर लिव्हर, लहान पंप, षट्कोनी चाव्यांचा जुडगा, शंभराच्या दोन-चार नोटा. खिशात राजगिऱ्याचे दोन लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की. दोन बाटल्या : एकीत साधं पाणी, दुसरीत लिंबू, मीठ, साखर. हेल्मेट आणि हातमोज्यांबद्दल वेगळं काही सांगत नाही. पॅडवाली चड्डी मात्र घ्याच. आणि ती आतून काही न घालता घालायची असते. हे दुकानात कोणी सांगत नाही आणि घरी कोणाला विचारता येत नाही.

पहिला रविवार : खानापूरपर्यंत

डोणज्याच्या चौकातून सरळ. उजव्या हाताला झाडी आणि घरांच्या मधून पाणी दिसत राहतं. खडकवासल्याचा हा जलाशय १८७०च्या दशकात बांधलेल्या धरणाचा. १२ जुलै १९६१ला वरचं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्यात हेही गेलं आणि मागाहून पुन्हा उभं राहिलं. पावसाळ्यात पेपरात 'खडकवासला भरले' असं येतं तेव्हा ते पाणी जेमतेम दोन टीएमसी असतं. खरा साठा वर, पानशेत आणि वरसगावला, जिकडे तुम्ही पुढच्या रविवारी जाणार आहात.

खानापूर सहा-सात किलोमीटरवर आहे. जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. चौदा-पंधरा किलोमीटर म्हणजे अगदीच काही नाही असं वाटेल. ठीक आहे. या फेरीत अंतराला महत्त्व नाही, तीन सवयी लावून घ्यायच्या आहेत.

एक, गिअर वेळेवर बदलणं. इथे लहान लहान चढ येतात, शंभर-दोनशे मीटरचे. चढ अंगावर आल्यावर गिअर खाली टाकला की चेनवर सगळा भार असतो. ती कडाडते आणि एखाद वेळी आतल्या बाजूला पडते. चढ समोर दिसला, की पाय अजून मोकळे फिरत असतानाच हलका गिअर घ्या. मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेऱ्या पडल्या पाहिजेत. मोजायला यंत्र नको : पंधरा सेकंदांत उजवा गुडघा वीस वेळा वर आला की झालं.

दोन, एका हाताने चालवणं. बाटली काढायची, प्यायची, न बघता परत खाचेत ठेवायची, आणि सायकल सरळ रेषेत राहायला हवी. हे जमत नाही तोवर लोक पाणीच पीत नाहीत आणि तासाभराने डोकं धरून बसतात.

तीन, मागे बघणं. खांद्यावरून मागे वळून पाहताना हँडलही त्याच बाजूला वळतं. रिकाम्या रस्त्यावर सराव करा. मागून डंपर येतोय की नाही हे कानाने कळतं हा गैरसमज आहे. समोरून वारा असला की काहीही ऐकू येत नाही.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर : हा रस्ता पश्चिमेकडे जातो, आणि पावसाळ्यात वारा तिकडूनच येतो, उन्हाळ्यातही ऊन चढलं की बहुतेक तिकडूनच. जाताना सपाटीवरही चढ असल्यासारखं वाटतं आणि येताना आपण फार भारी सायकलपटू झालो असं वाटतं. दोन्ही खोटं. जातानाच्या वेगावर खट्टू होऊ नका.

दुसरा रविवार : पानशेत

आता अंतर. डोणज्यापासून धरणापर्यंत वीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन चाळीस. खानापूरच्या पुढे वस्ती विरळ होते, भातखाचरं लागतात. रुळ्याच्या आसपास पलीकडचा निळकंठेश्वराचा डोंगर दिसतो. रस्ता वर-खाली होत राहतो. एकही चढ मोठा नाही, पण बेरीज लागते.

इथे नव्या माणसाची एकच चूक होते : पहिल्या दहा किलोमीटरांत तो सगळं खर्च करून टाकतो. सोबत कोणी असेल तर त्याच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, इतक्याच जोरात चालवा. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान लागो न लागो. तासाभराने लाडू. भूक लागल्यावर खाल्लेलं त्या फेरीत उपयोगी पडत नाही. पायातला जीव गेला की मग टपरीवरचा वडापावही तो लगेच परत आणत नाही.

पानशेतला मासे चांगले मिळतात. परतीचे वीस किलोमीटर बाकी आहेत हे लक्षात ठेवून ते खा.

याच रस्त्यावर पहिलं पंक्चर होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण कडेने बाभळी आहेत. चाक काढून नवी ट्यूब टाकायला युट्युब बघून सगळे शिकतात. जे शिकत नाहीत ते सांगतो. जुनी ट्यूब बाहेर काढली की लगेच नवी आत ढकलू नका. टायरच्या आतून बोट फिरवा, अगदी सावकाश, एकदा पूर्ण गोल. कुठेतरी केसाएवढं काहीतरी टोचेल. बाहेरून बघाल तर काहीच दिसणार नाही. काटा रबरात तुटून बसलेला असतो आणि आतल्या बाजूला त्याचं मिलिमीटरभर टोक. नखाने किंवा चावीच्या टोकाने तो आतून बाहेर ढकला. हे न करता घातलेली दुसरी ट्यूब पुढच्या गावापर्यंतही टिकत नाही, आणि तुमच्याकडे दोनच होत्या. शक्यतो हा प्रयोग आधी एकदा घरच्या गॅलरीत करा. पहिल्या वेळी मला पन्नास मिनिटं लागली आणि अंगठ्याचं नख काळं झालं.

तिसरा रविवार : अर्धा घाट, तीनदा

आता डावीकडे. चौकातून दोन-तीन किलोमीटरवर गोळेवाडीचा नाका. एक वाट आतकरवाडीला, म्हणजे पायी चढणाऱ्यांच्या पायथ्याला जाते. तिकडे जायचं नाही. घाटरस्ता धरायचा.

वर कोंढणपूर फाटा आहे, साधारण घाटाच्या मध्यावर. आज तिथपर्यंतच जायचं आणि उलट फिरायचं. जमलं तर पुन्हा. आणि अजून दम असेल तर तिसऱ्यांदा. चढायला जो वेळ लागेल तो लागू दे; आजचा धडा उतरण्याचा आहे.

माझा पहिला उतार असा होता. गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन मी सुस्तावून निघालो. वेग वाढला की भीती वाटे, म्हणून दोन्ही ब्रेक अर्धे दाबून ठेवले, एकदाही न सोडता. चार-पाच किलोमीटर असाच आलो. हात कोपरापर्यंत बधिर. मग एका डाव्या वळणाच्या अलीकडे मागून फटाक्यासारखा आवाज आला आणि मागचं चाक सरपटायला लागलं. पडलो नाही, कठड्याला पाय लावून थांबलो, एवढंच. ट्यूब फुटली होती. काय झालं बघायला रिमला हात लावला तर तव्यासारखा चटका बसला, बोटाला फोड आला. ब्रेकच्या रबराने रिम घासून घासून तापली होती आणि आतली ट्यूब त्या उष्णतेने गेली होती. ताकाचे रिकामे हंडे घेऊन खाली निघालेला एक पिकअप थांबला. पुढे बसलेल्या मावशींनी माझ्याकडे आणि सायकलकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दादा, उतरताना बी थांबत जावं. आमची गाडीबी थांबती की." सायकल हंड्यांमध्ये आडवी टाकून त्यांनी मला डोणज्यापर्यंत सोडलं. पैसे घेतले नाहीत.

मावशींचं वाक्य हाच पहिला नियम. उतारावर मध्ये थांबा. कोंढणपूर फाट्यावर एकदा, त्याखाली एखाद्या रुंद जागी एकदा. दोन मिनिटं हात झटका, रिम गार होऊ द्या. डिस्क ब्रेक असले तर ट्यूब फुटायचा धोका नाही, पण चकती तापतेच आणि हात तर तेच असतात.

दुसरं : ब्रेक दाबून ठेवायचा नाही. दाबायचा, वेग खाली आणायचा, सोडायचा. पुन्हा वेग वाढला की पुन्हा. सोडलेल्या क्षणांत रिमला वारा लागतो. दोन्ही ब्रेक वापरा. पुढच्या ब्रेकला लोक घाबरतात, 'डोक्यावरून जाऊ' म्हणून. पण थांबवण्याचं मुख्य काम तोच करतो. नुसता मागचा धरला तर चाक घसरतं. पुढचा धरताना कंबर थोडी मागे सरकवा, कोपरं मोकळी ठेवा.

तिसरं, आणि यात सगळ्यात जास्त चुका होतात : वळणाचा वेग वळणाच्या आधी ठरतो. सायकल सरळ असताना ब्रेक दाबून जेवढं कमी करायचं तेवढं करा, मग ब्रेक सोडून वळणात शिरा. वळणात कललेल्या सायकलला जोरात ब्रेक लावला की ती एकतर सरळ होऊन दरीकडे जाते किंवा खालून निसटते. वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली ठेवा आणि त्या पायावर वजन द्या. डावीकडे वळताय तर उजवा पाय खाली. नजर चाकापुढच्या खडीवर नको, वळण जिथे संपतं तिथे. माणूस जिकडे बघतो तिकडेच सायकल जाते; खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यात जाणार, हे मी तपासून पाहिलेलं आहे.

हातही वरच्या बाजूला ठेवू नका. वाकलेल्या हँडलच्या खालच्या भागात धरा, तिथून दोन बोटांनी ब्रेक पूर्ण ओढता येतो. पहिल्यांदा अवघड वाटतं, तिसऱ्या उताराला नाही. म्हणून तर तीनदा.

आणि आपली बाजू सोडू नका. प्रवाशांना गडावर नेणाऱ्या जीप चढताना वळण आतून कापतात. त्यांच्या चालकांना रस्ता पाठ आहे, तुम्ही मात्र त्या पाठांतरात नाही. कठड्यावर माकडं बसलेली असतात. वेफर्सचं पाकीट रस्त्यावर पडलं की ती कशाचीही पर्वा न करता मध्ये उतरतात. माकड दिसलं की हॉर्न असल्यासारखं ओरडायचं नाही, नुसता वेग कमी.

चौथा रविवार : गड

नाक्यापासून वरच्या वाहनतळापर्यंत सुमारे नऊ किलोमीटर आणि सहाशे मीटर चढ, म्हणजे सरासरी शंभराला सहा-सात. सरासरी फसवी असते : फाट्यापर्यंतचा भाग त्यातल्या त्यात सोसवतो, पुढचा जास्त खडा आहे. पहिल्या टप्प्यात 'अरे, जमतंय की' असं वाटेल, तेव्हाही सगळ्यात हलक्या गिअरच्या आसपासच राहा. तो उत्साह वर लागणार आहे.

नाक्यावर साडेसहाला असा. उन्हाळ्यात आणखी लवकर. जानेवारीत सूर्यच सातनंतर उगवतो, तेव्हा दिवे लावून. नऊनंतर मोटारींची रांग सुरू होते आणि सुटीच्या दिवशी ती घाटातच अडकते. चढावर सायकलला कमीत कमी वेग लागतो, नाहीतर ती डुलते. गाड्यांच्या मध्ये अडकून ताशी चार किलोमीटरने जाणं म्हणजे छळ.

चढताना बसूनच चालवा. उभं राहिलं की बरं वाटतं, पण श्वास जातो. खडं वळण आलं की आतल्या बाजूने न जाता जरा बाहेरून जा. आतली कड भिंतीसारखी उभी असते, बाहेरून तेच वळण निम्मं सोपं होतं. अर्थात मागे बघून. पहिल्या रविवारची सवय इथे लागते. थांबावंसं वाटलं तर थांबा. पुन्हा निघताना चढात पॅडल मारणं जमत नसेल तर सायकल रस्त्याला थोडी तिरकी धरून सुरुवात करा.

वर पोचलात की समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर असता. सायकल पुणे दरवाजातून पायऱ्यांवरून नेता येत नाही, आणि नेऊही नये. दोघं असाल तर आळीपाळीने वर जाऊन या. तानाजी मालुसऱ्यांची समाधी, राजाराम महाराजांची समाधी, टिळकांचा बंगला, देवटाक्याचं पाणी. बहुतेकांनी हे शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. चढून आल्यावर वेगळं दिसतं इतकंच म्हणतो. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री मावळे कड्यावरून चढले, आणि आपण बत्तीस दात्यांचं चक्र लावून डांबरी रस्त्याने.

खाण्याबद्दल माझं मत लोकांना पटत नाही. गडावर पिठलं-भाकरी नको. ताक घ्या, फार तर एक प्लेट भजी दोघांत. भरल्या पोटी डोळे जड होतात आणि उतार अजून बाकी असतो. भाकरी खाली डोणज्यात मिळते.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा रस्ता इतका सुंदर असतो की लोकांचं भान सुटतं. मी स्वतः त्या दिवसांत घाटात सायकल नेत नाही. दरडी येतात, त्यामुळे रस्ता बंदही ठेवतात. कडेच्या सावलीत डांबरावर शेवाळ धरतं आणि ओला ब्रेक पकड घ्यायला चाकाचे दोन-तीन फेरे घेतो. उतारावर तेवढ्यात तुम्ही पाच-सहा मीटर पुढे गेलेले असता. पानशेत रस्ता मात्र जरूर करा. मागे चिखलरोधक पट्टी लावा, नाहीतर पाठीवर चिखलाची उभी रेघ घेऊन घरी जाल. डंपरमधून सांडलेली ओली माती, रंगवलेले गतिरोधक आणि लोखंडी झाकणं यांच्यावरून जाताना वळू नका, ब्रेकही नको. चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

गड झाल्यावर

कोंढणपूरचा वळसा सगळ्यात आधी करा. घाटातल्या फाट्यावरून गडाकडे न जाता पलीकडे उतरलं की कोंढणपूर. तुकाईचं देऊळ आहे, चहा आहे, आणि रविवारीही गर्दी बेताची. तिथूनच परत फिरून फाट्यापर्यंत चढा. या बाजूचा चढ कमी लोक करतात. पुढे गेलात तर शिवापूरच्या दर्ग्यावरून खेड शिवापूर आणि सातारा महामार्ग. महामार्गावर सेवारस्ता धरा आणि पुण्याला परतताना नव्या बोगद्यात सायकल घालू नका; शिंदेवाडीच्या पुढे जुना कात्रज घाट धरा. जुना बोगदा आखूड आहे पण आत अंधार असतो. दोन्ही दिवे दिवसाही लावायचे आणि गॉगल कपाळावर.

मग कधीतरी पाबे घाट. खानापूरवरून डावीकडे वळून रांजण्यावरून वर. माथ्यावर हवा स्वच्छ असेल तर तोरणा आणि राजगड दोन्ही दिसतात. पलीकडे उतरलं की उजवीकडे वेल्हे, डावीकडे विंझर, मार्गासनी, आंबवण्यावरून नसरापूर. बनेश्वराच्या झाडीत तासभर आडवं व्हायला हरकत नाही. तिथून खेड शिवापूर, कोंढणपूर आणि गोळेवाडीचा उतार उतरून पुन्हा डोणजे. अख्खा दिवस जातो. किमान तिघं जा, मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका, घरी मार्ग आणि परतायची वेळ लिहून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, बाकी कशासाठीही ११२. नसरापूरच्या अलीकडे दुकानं तुरळक आहेत, म्हणून बाटल्या प्रत्येक गावात भरून घ्या. कोणाच्याही ओट्यावर मागितलं तर पाणी मिळतं. दादा, ताई, मावशी म्हणून मागा. हेल्मेट आणि गॉगल काढून मागितलं तर बहुधा चहाही येतो.

घरी आल्यावर सायकल धुवायचा कंटाळा आला तर निदान चेन पुसा. जुना बनियन हातात धरून त्यातून चेन उलटी वीस-पंचवीस फेरे फिरवा, बनियन काळाकुट्ट होईल. मग प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब, पाच मिनिटं थांबून वरचं तेल पुसून टाका. वर राहिलेल्या तेलाला पानशेत रस्त्याची धूळ चिकटते आणि पुढच्या रविवारी चेन खडखडते. खोबरेल वापरू नका. मी वापरलं होतं. आठवडाभर मुंग्या आल्या.